ठिपकेदार माशाचें माहेर

बुएनोस आयर्स हें अर्जेंटिनाच्या राजधानीचें शहर ज्या पाण्याच्या कांठीं वसलें आहे, त्यास नदी म्हणावें कीं समुद्र म्हणावा, असा प्रश्न नव्या माणसास प्रथमदर्शनींच पडतो. पैलतीर म्हणून कांहीं दिसतच नाहीं. लाटा येतात, जहाजें क्षितिजाखालीं बुडतात, वारा सुटला कीं कांठच्या भिंतीवर पाणी आपटतें. पण बोट बुडवून जिभेस लावावें तर मिठाचा मागमूस नाहीं. पाराना आणि उरुग्वे या दोन महानद्यांचें पाणी एकत्र होऊन झालेलें हें पात्र समुद्रास मिळतें तेथें सुमारें २२० किलोमीटर रुंद आहे. म्हणजे पुण्याहून नाशिक जितकें दूर, जवळजवळ तितकें! स्पॅनिश लोकांनीं त्यास रिओ दे ला प्लाता, म्हणजे रुप्याची नदी, असें नांव ठेविलें. रुपें दूरच्या डोंगरांत होतें. या पाण्याचा रंग मात्र दूध घातलेल्या चहासारखा आहे. बेर्मेखो नांवाची एक उपनदी अँडीज पर्वताकडून लाल माती घेऊन येते व ती पारानाच्या पदरांत टाकते. हजारों वर्षें ही माती नदीच्या मुखाशीं बसत आली, आणि तिचींच बेटें झालीं. आज तीं सुमारें १४,००० चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेलीं असून अजूनहि पुढें पुढें सरकतच आहेत.

एवढ्या मोठ्या नदीकडे आम्ही गेलों तें बोटाएवढ्या एका माशासाठीं, हें सांगितल्यास वाचकांस हंसूं येईल. वास्तविक निमित्त घरगुतीच होतें. आमचा धाकटा पुतण्या नोकरीमुळें दोन वर्षें त्या शहरीं होता, आणि २०२३ सालच्या जुलै महिन्यांत त्यानें आम्हां उभयतांस आग्रहानें बोलावून घेतलें. पण निमित्त निराळें आणि ओढ निराळी. पुण्यास आमच्या दिवाणखान्यांत साठ सेंटिमीटर लांबीची एक कांचपेटी आहे, आणि तींत सहा वर्षांपासून त्या मुलखाचे अकरा मासे नांदत आहेत. आम्हां तिघां भावांचें कुटुंब एकत्र. लहानथोर मिळून चौदा माणसें. घरांत इतर बाबतींत मतें तेवढींच. पण या अकरा पाहुण्यांवर सगळ्यांचा सारखाच जीव. सायंकाळीं दिवा लागला कीं मुलें आणि आमची ब्याऐंशी वर्षांची आई पेटीसमोर बसतात, आणि मग कोणी परीक्षेचा अभ्यास विसरतें तर कोणी गुडघेदुखी विसरतें.

या माशाचें शास्त्रीय नांव कोरीडोरस पॅलिएटस. बाजारांत त्याला नुसतेंच 'कोरी' म्हणतात. आपल्याकडील मांगूर किंवा शिंगाळा यांच्यासारखाच हा मिशीवाला. मात्र नाजूक, पांचसात सेंटिमीटरांच्या पुढें सहसा न जाणारा. अंग राखी-हिरवट, त्यावर काळसर डाग आणि ठिपके, मिऱ्याची पूड शिंपडल्यासारखे. खवले मुळींच नाहींत. त्यांच्या ऐवजीं दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन दोन ओळी असतात. एकीवर एक चढविलेल्या कौलांसारख्या. कोरीडोरस या शब्दाचा ग्रीक अर्थच मुळीं शिरस्त्राण व चिलखत असा कांहींसा आहे. पाठीच्या व छातीच्या परांत एकेक कांटा असतो, आणि भीति वाटली कीं तो ताठ करून जागच्या जागीं अडकवून ठेवण्याची युक्ति या माशाला साधलेली आहे. मोठा मासा किंवा पक्षी गिळूं गेला तर घशांत कांटा रुततो. एवढा सगळा सरंजाम असून स्वभाव मात्र अत्यंत गरीब. कोणाच्या वाटेस जाणें नाहीं, कोणाशीं भांडण नाहीं. सगळी टोळी मिळून मिशांनीं तळ चाचपीत फिरत राहावयाचें, आणि मधूनच एखाद्यानें वर झेप घेऊन हवेचा घोट घ्यावयाचा. हा घोट तो आंतड्यांत नेतो, आणि त्यांतला प्राणवायु तेथें शोषून घेतला जातो. साचलेल्या, वायु कमी असलेल्या पाण्यांत हा मासा तग धरतो तो याच सोयीमुळें. मुलांना आवडते ती त्याची आणखी एक लकब: डोळा खोबणींत खालीं फिरवून तो डोळा मारल्याचा भास करतो!

आमच्या निघण्याच्या आदल्या रात्रीं आई म्हणाली, "तुम्ही तिकडे जाताच आहांत, तर त्यांचं घर कसं आहे तें नीट बघून या. इथं त्यांना काय हवं-नको, तें आपल्याला कोण सांगणार?" या बोलण्यामागें एक जुना वाद होता. दरवर्षीं एप्रिल-मे महिन्यांत पुण्याची हवा तापली, म्हणजे पेटींतलें पाणीहि तापतें, मासे सुस्तावतात, वरचेवर हवेसाठीं वर येऊं लागतात, आणि आईचा जीव खालीं-वर होतो. "कशाला ठेवलेत बिचाऱ्यांना कोंडून? नदींत सोडून द्या," असा तिचा धोशा. आमच्या थोरल्या वहिनींचें मत याच्या अगदीं उलट. आणलें तें सांभाळलें पाहिजे, असा त्यांचा बाणा. दोघींच्या मधें बोलण्याची आम्हां भावांची प्राज्ञा नव्हती. तेव्हां हें प्रवासाचें काम एका अर्थीं पंचाचेंच होतें.

शहराच्या रेतिरो स्थानकावरून उत्तरेस आगगाडीनें तासाभरांत तिग्रे हें गांव येतें. तिग्रे म्हणजे वाघ. वाघ येथें कधींच नव्हते; पण जॅग्वार नांवाचा ठिपकेदार मोठा व्याघ्रकुलीन पशु पूर्वीं या बेटांवर पुष्कळ होता, त्यावरून हें नांव पडलें. पूर्वीं गांवास लास कोंचास म्हणत. चार्लस डार्विन हा 'बीगल' जहाजाबरोबर या मुलखांत आला असतां, १८३३ च्या ऑक्टोबरांत पाराना नदींतून एका लहान गलबतानें खालीं येऊन याच लास कोंचास येथें उतरला होता. बुएनोस आयर्सकडे घोड्यावरून जाण्याचा त्याचा विचार; पण उतरतो तों बंड उसळलेलें आणि वाटा अडविलेल्या! त्या खटपटींतून तो कसाबसा सुटला. याच सफरींत दक्षिण अमेरिकेच्या पाण्यांतील जे मासे त्यानें मद्यार्कांत घालून विलायतेस धाडले, त्यांत आमचा हा मिरपुडीचा मासाहि होता. लिओनार्ड जेनिन्स नांवाच्या पाद्री निसर्गाभ्यासकानें त्याचें वर्णन केलें व १८४२ सालीं त्यास नांव दिलें. जेनिन्सची गोष्ट मोठी मजेची आहे. 'बीगल'वरची जागा आरंभीं त्यालाच देऊं केली होती, आणि आपल्या गांवच्या चर्चची जबाबदारी सोडवेना म्हणून त्यानें ती नाकारली. डार्विन जगभर हिंडला, आणि जेनिन्स घरीं बसून त्यानें आणलेल्या माशांची नांवें ठरवूं लागला. घरीं बसणाऱ्यांसहि जगांत कांहीं काम असतेंच! अलीकडे, २०२४ सालीं, शास्त्रज्ञांनीं या मोठ्या कुळाची वांटणी करून अनेक जातींना निराळीं घराणीं दिलीं आहेत; त्यामुळें पुस्तकांत नांवें बदललेलीं आढळल्यास वाचकांनीं गोंधळून जाऊं नये.

तिग्रेच्या धक्क्यावरून लांबट, लाकडी, वार्निशानें चकचकणाऱ्या मोटारहोड्या सुटतात. आपल्याकडे एस. टी. तसें येथें या होड्यांचें स्थान. शाळेचीं मुलें, गॅसच्या टाक्या, भाजीच्या पाट्या, कुत्रीं, सगळें यांतूनच जातें. बेटांवर मोटारीचा रस्ताच नाहीं. घरें उंच खांबांवर उभारलेलीं; प्रत्येक घरापुढें पाण्यांत उतरणारा लाकडी धक्का. किराणा मालाचें दुकानसुद्धां होडींतूनच दारीं येतें. आमच्या सौभाग्यवतींस ही सोय इतकी पसंत पडली कीं त्यांनीं त्या तरंगत्या दुकानांतून कांहीं गरज नसतां कांद्याची एक माळ विकत घेतली. कडाक्याचा हिवाळा होता; तिकडे जुलै म्हणजे आपला पौष-माघ. विलो व पॉपलर यांचीं झाडें निष्पर्ण, आकाश राखी, आणि उतारू एकाच भोपळ्याच्या पात्रांतून धातूच्या नळीनें माते नांवाचा कडू काढा ओढीत बसलेले. पात्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं फिरत असतें. आम्हांस देऊं केलें तेव्हां उष्ट्याचा विचार मनांत डोकावून गेला, हें खोटें कशाला सांगावें. पण पुतण्यानें डोळ्यांनीं खुणाविलें आणि आम्ही घोट घेतला. थंडींत तो बरा वाटला.

वाटेंत डाव्या हातास एक नवल दिसलें. दोमिंगो सार्मिएंतो हा १८६८ ते १८७४ पर्यंत या देशाचा अध्यक्ष होता. शिक्षणप्रसारक म्हणून त्याचें नांव तेथें आपल्याकडच्या थोर समाजसुधारकांसारखें घेतलें जातें. या बेटांत त्याचें एक साधें लाकडी घर होतें. तें दमट हवेनें कुजूं नये म्हणून सबंध घरावरच कांचेची मोठी पेटी चढविली आहे! घर आंत, कांच भोंवतीं, आणि बाहेर झाडें व पाणी. आम्हीं तें पाहिलें आणि एकमेकांकडे पाहिलें. पुण्याच्या दिवाणखान्यांत नदीचा तुकडा कांचेंत आहे. येथें नदीवर दिवाणखाना कांचेंत आहे.

अर्ध्या तासानें त्रेस बोकास, म्हणजे 'तीन मुखें', येथें उतरलों. येथें कालव्यांच्या कांठानें पायवाटा व लहान लहान लाकडी पूल आहेत. पुतण्यानें आधींच एका बेटकऱ्याशीं बोलणें करून ठेविलें होतें. हा साठीचा गृहस्थ, डोक्यास लोकरीची टोपी, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. आम्ही हिंदुस्थानांतून कशासाठीं आलों हें ऐकून तो इतका हंसला कीं त्याच्या हातांतील माते सांडली. "ताचुएला? ताचुएला पाहावयास?" ताचुएला म्हणजे चुका, लहान खिळा. माशाच्या कांट्यावरून तिकडील लोकांनीं त्याचें हेंच नांव ठेविलें आहे, आणि जाळें साफ करतांना ज्याच्या बोटांत तो रुतला त्यास तें नांव पटल्याखेरीज राहत नाहीं.

मोठ्या प्रवाहांत आमचा मासा सांपडावयाचा नाहीं, असें त्यानें सांगितलें. बेटाच्या पोटांत शिरलेला एक उथळ चर होता, गुडघाभर खोल. त्यावर झुकलेलें गवत आणि पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींची दाटी. त्यानें लांब दांड्याचें जाळें त्या दाटीखालून हलकेंच ओढलें. पहिल्या खेपेस कुजकीं पानें व दोन शंख. दुसऱ्या खेपेस तसेंच. तिसऱ्या वेळीं त्यानें जाळें बादलीच्या पाण्यांत उलटें केलें आणि बोटानें खूण केली. बादलीच्या तळाशीं तीन ठिपकेदार मासे मिशा हालवीत होते.

सहा वर्षें रोज पाहिलेला प्राणी त्याच्या गांवीं भेटला म्हणजे काय वाटतें, तें शब्दांत आणणें कठीण आहे. ते आमच्याकडील माशांपेक्षां काळे होते, कृश होते, एकाच्या शेपटीचें टोंक कुरतडलेलें होतें. जगण्याची झीज त्यांच्या अंगावर स्पष्ट दिसत होती. आमचे कसे गुटगुटीत! परंतु त्यांच्या हालचालींत जी एक तरतरी होती ती आम्हीं पुण्यास कधीं पाहिली नव्हती. आम्हीं बरोबर नेलेली कांचेची नळी चरांत बुडविली. पारा १२ अंशांवर थांबला. पुण्यास मे महिन्यांत आमच्या पेटींत तो ३० च्या वर चढतो. या माशाला १८ ते २३ अंशांचें पाणी मानवतें असें पुस्तकांत वाचलें होतें, व थंडी तो याहूनहि अधिक सोसतो हेंहि ठाऊक होतें. पण वाचणें निराळें आणि गारठलेल्या बोटांनीं जाणणें निराळें. आईच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर तेथेंच मिळालें. त्यांना हवा होता तो गारवा.

आम्हीं मग तळाची माती हातीं घेतली. ती इतकी मऊ कीं बोटांतून लोण्यासारखी निसटे. खडा म्हणून नाहीं. हा मासा तोंड या गाळांत खुपसतो, घास भरतो, किडे-कृमि ठेवून घेतो आणि बाकीचें कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ज्या पेट्यांच्या तळाशीं निळे-तांबडे धारदार खडे पसरलेले असतात, तेथें याच्या मिशा झिजून झिजून खुंट राहतात, आणि मग जखमांत रोग शिरतो. आंधळ्याची काठी हिसकावून घेतल्यासारखेंच तें. आमच्या पेटींत पहिल्यापासून बारीक, धुतलेली नदीची वाळू आहे. ती पाहून कित्येक पाहुणे 'शोभा नाहीं' म्हणतात. त्या चराच्या कांठीं उभें राहिल्यावर शोभेचा प्रश्न आमच्यापुरता कायमचा मिटला.

तेवढ्यांत सौभाग्यवतींनीं पाण्यावरील ती वनस्पति उचलून धरली आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आपली जलपर्णी!" खरेंच तें. फुगीर देंठ, चकचकीत गोल पानें, खालीं काळ्या मुळ्यांचा झुबका. मुळा-मुठेच्या पात्रावर जी हिरवी सतरंजी पसरलेली आपण दरसाल पाहतों, जी काढण्यासाठीं यंत्रें लावावीं लागतात, तीच. तिकडे तिला कामालोते म्हणतात. मूळची ती दक्षिण अमेरिकेचीच. सुंदर जांभळ्या फुलांच्या मोहानें माणसांनीं ती जगभर नेली, आणि जेथें गेली तेथें तिनें पाण्याचा श्वास कोंडला. आणि येथें, तिच्या माहेरीं? येथें ती पुराबरोबर वाहत येते, तिच्या मुळ्यांत मासे अंडीं घालतात, तिच्यावर पांखरें बसतात, तिला खाणारे किडे आहेत, आणि शेवटीं ती खाऱ्या पाण्याकडे जाऊन मरते. कोणासहि तिचें भय नाहीं. बेटकरी म्हणाला कीं कधीं कधीं तिच्या तरंगत्या ढिगांवरून साप शहरापर्यंत येतात, तेवढीच काय ती तक्रार.

आईच्या प्रश्नाचें दुसरें अर्धें उत्तर जलपर्णीनेंच दिलें. 'नदींत सोडून द्या' हें वाक्य दयेचें खरें. पण नदी कोणती? मुठेंत सोडलेला हा थंड पाण्याचा जीव बहुधा तडफडून मरेल. आणि न मेला, रुजलाच, तर मग काय, याचें उत्तर जलपर्णीच्या रूपानें आपल्या दाराशींच आहे. याच चिलखती माशांच्या दूरच्या नात्यांतील एक मोठा मासा, ज्याला बाजारांत 'सकर' म्हणतात, असाच हौशी लोकांच्या पेट्यांतून निसटून किंवा सोडला जाऊन आपल्या देशांत पसरला आहे. लहान असतांना तो कांचेवरील शेवाळ चाटतो म्हणून लोक घेतात. पुढें तो हातभर वाढतो, पेटींत मावत नाहीं, आणि मग कोणीतरी दयाळूपणानें त्याला तळ्यांत नेऊन सोडतें. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत, केरळांत व आंध्रांत त्याचा उपद्रव नोंदला गेला आहे. त्याच्या खरखरीत चिलखतानें कोळ्यांचीं जाळीं फाटतात, आणि त्याला बाजारांत भाव नाहीं. ज्यांच्या पोटावर पाय येतो ते आपल्या दिवाणखान्यांत कधीं बसलेले नसतात, म्हणून आपणांस तें दिसत नाहीं इतकेंच.

बेटकऱ्यानें बादली परत चरांत ओतली. तीन ठिपके गाळांत नाहींसे झाले. जातांना त्यानें गेल्या कांहीं वर्षांची हकीकत सांगितली. २०२१ सालीं पाराना इतकी आटली होती कीं १९४० च्या दशकानंतर तसें कोणी पाहिलें नव्हतें. बेटांतील कित्येक चर कोरडे पडले, आणि २०२० व २०२२ सालीं वरच्या अंगास गवताळ बेटांना लागलेल्या आगींचा धूर शहरांपर्यंत आला. उलट आग्नेयेचा वारा, ज्यास ते सुदेस्तादा म्हणतात, सुटला म्हणजे समुद्राकडून पाणी मागें रेटलें जाऊन घरांच्या पायऱ्या बुडतात. "ताचुएलाला दोन्हींची संवय आहे," तो म्हणाला, "आम्हांलाहि."

पुण्यास परतल्यावर आईपुढें सगळी हकीकत यथासांग झाली. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "मग उन्हाळ्याचं काय करणार?" प्रश्न बिनतोड होता. माहेरीं पाठवितां येत नाहीं, नदींत सोडतां येत नाहीं. तेव्हां सासर तरी राहण्याजोगें केलें पाहिजे.

ज्यांच्या घरीं हे मासे आहेत किंवा आणावयाचे आहेत, त्यांच्यासाठीं आम्ही काय करतों तें येथें थोडें सांगतों. पेटी पश्चिमेच्या भिंतीवरून काढून मधल्या खोलींत, जेथें ऊन कधींच येत नाहीं तेथें, ठेविली. मार्चपासून झांकण काढून त्यावर जाळी बसवितों आणि पाण्याच्या पृष्ठावरून वारा जाईल असा लहान पंखा लावतों; माठाचें पाणी ज्या न्यायानें गार होतें त्याच न्यायानें हेंहि तीनचार अंश उतरतें. पाणी उडून जातें तें रोज भरून काढावें लागतें. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावयाचें, तेंहि नळाचें तसेंच न ओततां, त्यांतील क्लोरीन घालवून. नव्या पेटींत लगेच मासे टाकूं नयेत, हें तर दुकानदारानें सांगावयास पाहिजे. तो सांगत नाहीं. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतु गाळणींत व वाळूंत वस्तीस येण्यास महिनाभर तरी लागतो, आणि ती वस्ती झाल्यावांचून पाणी कितीहि स्वच्छ दिसलें तरी तें विषारीच असतें. मासा एकटा आणूं नये. सहांच्या खालीं यांची टोळी होत नाहीं, आणि टोळीवांचून हे भेदरून कोपरा धरतात.

खाण्याविषयीं एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'हे तळाची घाण खातात, यांना वेगळें घालावें लागत नाहीं,' असें सांगून हे मासे विकले जातात. जणुं काय घरांत सून आणावी ती केर काढण्यापुरतीच! इतरांच्या पंगतींतून सांडलेल्या शितांवर यांचें पोट भरत नाहीं. तळाशीं बुडणाऱ्या गोळ्या दिवे मालवण्याच्या सुमारास द्याव्या. हे मुख्यतः कृमि-कीटक खाणारे असल्यामुळें आठवड्यांतून एकदां सुकविलेले किडे घालावे लागतात, आणि आमच्यासारख्या घरांत त्या डबीच्या जागेवरून बराच काथ्याकूट झाला. शेवटीं थोरल्या वहिनींनीं ती स्वयंपाकघरापासून लांब, जोड्यांच्या कपाटावर ठेविली, आणि घालण्याचें काम मुलांकडे दिलें.

नागपूर, सोलापूर, जळगांव येथील वाचकांस मात्र आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं मिरपुडीच्या या माशाच्या वाटेस जाऊं नये. तेथील उन्हाळ्यास पंखा पुरा पडावयाचा नाहीं. ठिपक्यांचीच आवड असेल तर कोरीडोरस स्टेर्बाय नांवाची जात पाहावी. काळ्या डोक्यावर पांढरे ठिपके आणि छातीचे पर नारिंगी. ती ब्राझील व बोलिव्हिया यांच्या सीमेवरील ग्वापोरे नदीकडची, म्हणून तिला उबदार पाणी मानवतें.

२०२४ चा मे महिना आमच्या कसोटीचा गेला. दोन दिवस वीज रात्रभर नव्हती. पंखा बंद, पाणी ३१ अंशांवर, आणि अकराहि मासे वारंवार पृष्ठभागाकडे धांवत होते. धाकट्या भावानें बर्फ करून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून एकेक अशा पेटींत तरंगत सोडल्या, कारण एकदम गार केल्यास धक्क्यानें मासे दगावतात. आणि आई खुर्ची ओढून हातपंख्यानें पाण्यावर वारा घालीत बसली. तीन वाजतां आम्हीं तिला उठविण्याचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "तूं नीज. मला तशीहि झोंप नसते." सकाळपर्यंत पारा २८ वर आला. एकहि मासा गेला नाहीं.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत वळवाच्या मागोमाग खरा पाऊस लागला. हवेचा दाब उतरला, आणि आम्हीं नेहमींप्रमाणें पाणी बदललें तें थोडें गार होतें. यांच्या देशीं पावसाची व पुराची वर्दी अशीच मिळते. दुसऱ्या दिवशीं पहांटे मुलांचा गलका झाला. नर मादीच्या पुढें आडवा होऊन राही, ती त्याच्या कुशीस तोंड लावी, मग पोटाखालच्या परांची ओंजळ करून तींत दोनचार अंडीं घेऊन कांचेकडे जाई, तोंडानें जागा पुसल्यासारखी करी आणि तेथें तीं चिकटवी. हा प्रकार दुपारपर्यंत चालला. १८७८ सालीं पॅरिसमध्यें कार्बोनिए नांवाच्या गृहस्थाच्या पेटींत याच जातीनें प्रथम अंडीं घातलीं, तेव्हांपासून घराघरांतील कांचांवर हेंच चालू आहे, आणि बाजारांतले बहुतेक सगळे मिरपुडी मासे आज असेच बंदिवासांत जन्मलेले असतात. आमच्या पेटींतल्या अकरांनींहि पाराना कधीं पाहिलेली नसावी. पावसाची वर्दी मात्र त्यांस ओळखतां आली.

मुलांनीं अंडीं मोजलीं तीं सत्तावन्न. आईबापच अंडीं खाऊन टाकतात म्हणून तीं बोटानें हलकेच सोडवून दुसऱ्या कांचपात्रांत, त्याच पाण्यांत, ठेविलीं. कांहींवर पांढरी बुरशी धरली, तीं रोज वेंचून काढलीं. पांचव्या दिवशीं टांचणीच्या डोक्याएवढीं पिलें पात्राच्या तळाशीं फडफडूं लागलीं. त्यांतलीं एकवीस जगलीं. आज नऊ आमच्याकडे आहेत, बाकीचीं दोन घरीं दिलीं. देण्याआधीं वहिनी स्वतः जाऊन पेटी कोणत्या भिंतीला आहे आणि तळाशीं वाळू आहे कीं खडे, हें पाहून आल्या. सोलापूरचे एक स्नेहीहि मागावयास आले होते. त्यांस आम्हीं चहा दिला, स्टेर्बायचें नांव कागदावर लिहून दिलें, आणि मासे दिले नाहींत.